उरलेले शंभर किलोमीटर

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात इन्व्हरस्नेडच्या धक्क्यावर मी सुजलेल्या घोट्याला ओला रुमाल गुंडाळून बसले होते. वेस्ट हायलंड वे ही स्कॉटलंडमधली पायवाट १५४ किलोमीटरची. त्यातले पंचावन्नेक झाले होते, आणि पलीकडच्या काठाला नेणारी होडी समोरून येत होती. बसले होडीत. दुसरं काय करणार?

साताऱ्याला परतल्यावर जो तो समजूत घाली, "एक तृतीयांश तरी झाली की!" वारीला निघालेला माणूस जेजुरीहून माघारी आला तर त्याला असं म्हणतं का कोणी?

मधल्या काळात ह्यांचे दोन्ही गुडघे बदलून झाले, मी एकसष्ट वर्षांची झाले, आणि ग्लासगोला असलेल्या लेकीनेच यंदा विषय काढला. "आई, मे महिन्यात ये आणि राहिलेलं संपव. पण एकटी नाही हं. आम्ही गाडी घेऊन मागे."

"मागे कशाला? पुढे," हे म्हणाले. "गाडी आधी फलाटाला लागली पाहिजे."

ह्यांची सगळी नोकरी एस.टी.त गेली, शेवटची कित्येक वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून. ग्लासगोला पोचल्याच्या संध्याकाळी ह्यांनी नातीच्या वहीतली पानं मागून घेतली आणि पट्टीने रकाने आखले : ठिकाण, आवक, जावक, शेरा. जावई चालक. लेक वाहक, तीन दिवस माझ्याबरोबर चालणार, तीन दिवस गाडीत. सहा वर्षांच्या नातीने कोणी कुठल्या खिडकीत बसायचं हे खातं आपणहून घेतलं.

मी एकच अट घातली. "गाडीत बस" हे शब्द सहा दिवस कोणी काढायचे नाहीत. मी मागितलं तर द्या, पण आपण होऊन विचारू नका. एकटीने चालताना थांबावंसं वाटलं तरी थांबायला जागाच नसते, म्हणून पाय चालत राहतात. दर दोन तासांनी हीटर लावलेली गाडी आणि त्यात आमटीचा थर्मास उभा असेल, तर माझी मला खात्री नव्हती.

वाटेविषयी थोडंसं. ग्लासगोच्या उत्तरेला असलेल्या एका गावातून ती निघते. नाव लिहायचं 'मिल्नगव्ही' आणि म्हणायचं 'मलगाय'. संपते फोर्ट विल्यमला. ६ ऑक्टोबर १९८० रोजी खुली झालेली, स्कॉटलंडमधली अधिकृत अशी पहिली लांब पल्ल्याची पायवाट. लोक साधारण आठवडाभरात करतात. षटकोनात काढलेलं काटेरी फूल, आपल्या उंटकटारीच्या तोंडवळ्याचं, ही तिची खूण. खांबावर ते दिसलं की वाट बरोबर. चुकायला फारशी जागा नाही. आम्ही कुठे चुकलो ते पुढे येईलच.

पहिला दिवस : इन्व्हरस्नेड ते इन्व्हरअर्नन, सुमारे ११ किमी

जिथे थांबले तिथूनच पुन्हा सुरुवात करायची, म्हणून टार्बेटहून होडीने इन्व्हरस्नेड. लॉख लोमंड हे लांबुळकं तळं. मोठा रस्ता पश्चिम काठाने जातो आणि आपली पायवाट पूर्व काठाने. म्हणजे गाडीला टार्बेटहून इन्व्हरअर्ननला जायला वीस-पंचवीस मिनिटं आणि आम्हा मायलेकींना सहा तास. ह्यांनी वहीत 'जावक १०:३०' लिहिलं आणि धक्क्यावरून हात केला. घरातल्या माणसाला नव्हे, सुटणाऱ्या गाडीला करतात तसा.

इन्व्हरस्नेडला हॉटेलाच्या बाजूलाच धबधबा कोसळतो. मागच्या वेळी मी तो बघितलासुद्धा नव्हता. या वेळी पाच मिनिटं उभी राहिले आणि मग चढावाला लागले.

अख्ख्या वाटेतला सगळ्यात वाईट तुकडा हाच, असं सगळे सांगतात, आणि खरं आहे. चढ फार नाही, पण पाय ठेवायला सपाट जागा नाही. ओली मुळं, घरंगळलेले धोंडे, मध्येच लाकडी शिडी, एका हाताला थेट पाणी. मी दर पावलाला आधी काठी, मग डावा पाय, मग विचार करून उजवा. सावित्रीच्या खोऱ्यात पावसाळ्यात हिंडलेल्यांना ही वाट ओळखीची वाटेल. फक्त जळवा नाहीत. रॉब रॉय या अठराव्या शतकातल्या बंडखोराच्या नावाने ओळखली जाणारी गुहा इथेच आहे. खडकावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय म्हणून कळते, नाहीतर ती नुसती धोंड्यांमधली फट.

मग एकाएकी बोकडाचा वास आला. लेक म्हणाली, आई, इथे कुठला गोठा? दोन वळणं पुढे गेलो तर खडकावर लांब केसांच्या शेळ्या, एक शिंगाळ बोकड आणि दोन करडं. या भागात रानटी झालेल्या शेळ्यांचे कळप आहेत. बोकडाने आमच्याकडे असं बघितलं, की आम्हीच बाजूला झालो.

झाडांखाली निळ्या घंटेसारख्या फुलांचा गालिचा होता आणि दिवसभर कक्कू ओरडत होता. हा आपल्या पावशाच्या कुळातला, पण ह्याला 'पेरते व्हा' म्हणता येत नाही; दोनच सूर आणि तेही घड्याळातल्यासारखे. दुपारनंतर तळं अरुंद होत गेलं. पलीकडच्या काठावर, आर्डलुईच्या बाजूला, एक लाल ठिपका हलताना दिसला. लेकीने फोनचा कॅमेरा ताणून बघितलं. नातीची छत्री! ऊन पडलं होतं, तरी उघडून, दोन्ही हातांनी, ती पालखीपुढच्या निशाणासारखी हलवत होती. मधे सगळं तळं. ओरडून उपयोग नव्हता, तरी आम्ही ओरडलो.

संध्याकाळी पाचला इन्व्हरअर्ननला, बेनग्लासच्या शेतापाशी पोचलो. शेरा : 'वेळेत.'

गाडी सोबत घेऊन जाणाऱ्यांसाठी एक-दोन गोष्टी. लॉख लोमंडच्या पूर्व काठाने रस्ता रोवार्डेननला संपतो. त्यापुढे इन्व्हरअर्ननपर्यंत गाडीवाल्यांना वाट जवळजवळ परकीच. इन्व्हरस्नेडला ॲबरफॉइलकडून एक लांबचा अरुंद रस्ता येतो, तेवढाच. गाडी असली की दर रात्री नवं हॉटेल शोधायची गरज नसते. आम्ही तीन रात्री टिंड्रमला आणि दोन किनलॉखलीव्हनला राहिलो. सकाळी गाडी जिथे काल थांबले तिथे सोडते, संध्याकाळी जिथे पोचू तिथून उचलते. आणि तंबू ठोकणार असाल, तर तळ्याकाठच्या पट्ट्यात मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो, उघड्यावर कुठेही चालत नाही.

दुसरा दिवस : इन्व्हरअर्नन ते टिंड्रम, १९ किमीच्या वर

पाऊस. साताऱ्याचा नव्हे, महाबळेश्वरचा जुलै. पडतोय की नुसता लोंबकळतोय ते कळू नये असा.

फॅलॉख नदीच्या कडेने वाट वर जाते. पलीकडे तोच मोठा रस्ता, ए-८२, आणि रेल्वे. तास-दोन तासांनी रेल्वेखालून जायला एक बोगदा येतो. तो मेंढरांसाठी बांधलेला. मेंढराच्या मापाचा. पाठीवर सॅक, त्यावर पोंचो, अशी मी दुमडून त्यात शिरले आणि मधेच अडकले. मागून लेक हसायला लागली. तिला म्हटलं, हसू नकोस, ढकल.

पुढचा किलोमीटरभर गायींच्या पायांनी मळलेला चिखल. शेणाचं प्रमाण मातीपेक्षा जास्त. स्कॉटिश लोकांनीही त्या बोळाला शेणावरून नाव ठेवलंय असं कळल्यावर बरं वाटलं. अशा वेळी रस्त्याने एक ओळखीची निळी गाडी हळू झाली. काच खाली आली. हे. आतून वाफ बाहेर येताना दिसली, म्हणजे थर्मास नुकताच उघडलेला. आमच्यामध्ये फक्त एक कुंपण. मी बघितलं, त्यांनी बघितलं. त्यांचे ओठ हलले आणि मिटले. मग त्यांनी वही वर करून दाखवली आणि काच वर केली. त्या काचेचा मला फार राग आला. पुढचे तीन किलोमीटर मी त्या रागावर चालले.

क्रियनलारिखच्या वरून वाट जंगलातून निघून जाते. गावात उतरायचं असेल तर फाटा आहे. आम्ही उतरलो. गाडीत मेतकूट-भात, लिंबाचं लोणचं आणि दशम्या होत्या. स्वयंपाक ह्यांचा. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर महिनाभर मी त्यांचं केलं, आता फेड चाललीये, असं ते जावयाला म्हणाले. मला नाही म्हणाले. (ब्रिटनमध्ये येताना सामानात दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, तेव्हा कंदी पेढे साताऱ्यालाच राहिले. शेंगदाण्याचे लाडू चालतात, सहा दिवस रोज चार.)

दुपारनंतर पाऊस थांबला. सेंट फिलनच्या जुन्या मठाचे चार दगड आणि शेजारी दफनभूमी, मग मेंढ्यांची कुरणं, मग डालरी. इथे १३०६ मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याचा पराभव झाला होता. पळताना त्याच्या लोकांनी तलवारी फेकल्या असं सांगतात ते तळंही वाटेवर आहे. आठ वर्षांनी बॅनकबर्नच्या लढाईत तोच ब्रूस जिंकला. टिंड्रमच्या अलीकडे एक करडा उघडा पट्टा लागतो. सगळीकडे हिरवं आणि तिथे गवताची काडी नाही. इथे शिशाच्या खाणी होत्या. धातू धुतला जायचा तिथली माती अजून विषारी आहे.

टिंड्रम म्हणजे रस्त्याकडेची मूठभर घरं, पण रेल्वे स्टेशनं दोन. ह्यांनी संध्याकाळी दोन्ही बघून घेतली. "एवढ्याशा गावाला दोन स्टेशनं, आणि आपल्याकडे..." पुढचं तुम्हाला माहीत आहे. इथे दुकान चांगलं आहे. जे घ्यायचं ते इथेच घ्या, कारण वाटेवर यापुढचं दुकान थेट किनलॉखलीव्हनला.

तिसरा दिवस : टिंड्रम ते इन्व्हरोरन, १५ किमी

सोपा दिवस. म्हणूनच बिघडला.

जुन्या लष्करी रस्त्यावरून वाट जाते. अठराव्या शतकात बंडखोर डोंगराळ टोळ्यांवर वचक ठेवायला ब्रिटिश सरकारने बांधलेले हे रस्ते. समोर बेन डोरनचा सुळका, लहान मुलं काढतात तसा त्रिकोणी. दरीत रेल्वे घोड्याच्या नालेसारखी वळून जाते. मी एकटी होते, पाय हलके होते, घोटा गप्प होता. ठरलं होतं, 'पुलापाशी दोन वाजता.'

ब्रिज ऑफ ऑर्की हे गावाचं नाव. तिथे जुना दगडी पूल आहे. पायवाट त्यावरूनच जाते. पुढे माम करी नावाची टेकडी ओलांडून खाली उतरलं की इन्व्हरोरन, आणि त्यापुढे थोड्याच अंतरावर व्हिक्टोरिया ब्रिज. माझ्या डोक्यात दुसरा पूल, ह्यांच्या डोक्यात पहिला. मी पहिला पूल बाराला ओलांडला. हे पाऊणला तिथे पोचले.

टेकडीवरून लॉख टुला दिसतो. माथ्यावर कोणीतरी दगडांची लगोरी रचलीय. मीही एक ठेवला आणि निवांत उतरले. व्हिक्टोरिया ब्रिजला दोन वाजले. अडीच. फोनला एक रेघ नाही. तीन. लाडू संपले. सव्वातीनला माझ्या मनात अपघात सुरू झाले. गाडीचा, जावयाचा, मग नातीचा. तिकडे टेकडीपलीकडे, पहिल्या पुलापाशी ह्यांच्या मनात माझे चालले होते : घसरली, घोटा, बेशुद्ध. जावई मागे टिंड्रमच्या बाजूला दोन किलोमीटर धावत जाऊन आला होता. डोंगरातल्या बचाव पथकाला फोन करायचा का, इथपर्यंत गोष्ट आली होती. शेवटी लेकीने नकाशा पसरला आणि दुसऱ्या पुलावर बोट ठेवलं.

पावणेचारला गाडी आली. हे उतरले. माझ्याकडे बघितलं, आधी पायांकडे, मग तोंडाकडे. काही न बोलता डिकी उघडली, डबा काढला. पिठल्यावर साय धरली होती. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पूल कुठला ते लिहायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "चूक नियंत्रकाची." एवढ्यावर भांडण होऊ शकलं नाही. दोघांनाही हवं होतं, तरीही.

त्या रात्री त्यांनी नव्या पानांवर पुढच्या तीन दिवसांचे थांबे लिहिले. नकाशातला आकडा, गाडीतळाचं नाव, वेळ, आणि शेवटी : 'अर्धा तास उशीर झाल्यास गाडी हलणार नाही. दोन तास झाल्यास चालक वाटेने उलट निघेल. प्रवाशाने जागा सोडू नये.' एक प्रत माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात. तुम्ही कोणाला सोबतीला घेऊन जाणार असाल, तर फोनवर विसंबू नका. हा कागद करा.

चौथा दिवस : इन्व्हरोरन ते किंग्जहाउस, १६ किमी

रॅनख मूर या उघड्या, पाणथळ माळाच्या कडेकडेने जाणारा हा तुकडा. इथे मधे कुठेच गाडी येत नाही. माझ्यापाशी आता पाणी, दशमी, शिट्टी आणि तो कागद.

कास पठाराचा सडा डोळ्यांसमोर आणा. फुलं काढून टाका, तो मैलोन् मैल ताणा, जागोजाग काळ्या पाण्याची डबकी ठेवा आणि कडेला बर्फाचे ठिगळ असलेले डोंगर. आणि आवाज काढून घ्या. वाऱ्याशिवाय काही नाही. खालची वाट दगडी आणि इतकी टणक, की दोन तासांनी तळव्यांना प्रत्येक दगड वेगळा कळायला लागतो. तळवा ज्या जागी बुटाला घासत होता तिथे मी सकाळीच चिकटपट्टी लावली होती. फोड आल्यावर लावण्यात अर्थ नाही, गरम वाटायला लागलं की लगेच थांबून लावायची, हे मी मागच्या वेळी शिकले होते.

बा नावाच्या पुलाशी दशमी खाताना मागून एक मुलगी धावत आली. धावत! आखूड चड्डी, पाठीला पाण्याची पिशवी. थांबून हसली. जूनमध्ये या वाटेवर शर्यत असते, त्याचा सराव करत होती. सगळी वाट, पंच्याण्णव मैल, पस्तीस तासांच्या आत. मी सहा दिवसांचं सांगितल्यावर तिने अगदी मनापासून "शाब्बास" म्हटलं, त्यात मला काडीचा कमीपणा वाटला नाही. तिचे आई आणि भाऊ शर्यतीला गाडी घेऊन येतात. रात्रभर जागे राहून थांब्याथांब्यावर उभे असतात. मी माझ्या पुलाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, आमच्याकडे एक नियम आहे : धावणाऱ्याच्या आधी गाडीतल्यांनी खायचं. भुकेल्या माणसांना नकाशा वाचता येत नाही.

मग आठवलं. काल पुलावर थांबलेल्या चौघांनी दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. डबा उघडायचा तो मी आल्यावर, असं ह्यांनी ठरवून टाकलं होतं.

मूर संपून वाट उतरायला लागली की समोर बुआखेल एटिव मोर उभा राहतो. हजार मीटरच्या जरा वरचा, पण मुळापासून शेंड्यापर्यंत एका दमात उठलेला कातळ. गेलिक या तिथल्या जुन्या भाषेतल्या नावाचा अर्थ 'एटिवचा थोरला गुराखी'. खाली एक पांढरं घर, त्यामागे हा. प्रत्येक कॅलेंडरवर असलेलं चित्र. तरीही मी वीस फोटो काढले. किंग्जहाउसला हॉटेलाच्या अंगणात हरणं फिरतात, माणसाची भीड नाही. खायला घालू नका अशी पाटी आहे. नातीने ती हरणांना मोठ्याने वाचून दाखवली.

मी गाडीत बसल्या बसल्या विचारलं, "तुम्ही जेवलात का?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. उद्यापासून आधी तुम्ही, असं सांगून टाकलं. हे म्हणाले, "हा नियम कुठून आला?" म्हटलं, "पंच्याण्णव मैलांवरून."

पाचवा दिवस : किंग्जहाउस ते किनलॉखलीव्हन, १४ किमी

आज सैतानाचा जिना. नावाने घाबरायचं कारण नाही. रस्त्यापासून अडीचशे मीटरची चढण, वळणावळणाची. राजगडाची चोर दरवाजाची वाट चढलेल्याला ही म्हणजे शनिवारवाड्याच्या पायऱ्या. पण वाटेतला सर्वांत उंच बिंदू हाच, सुमारे ५५० मीटर. लेक आणि नात खालच्या गाडीतळापासून माथ्यापर्यंत बरोबर आल्या. नात दर वळणावर "अजून सैतान कुठाय?" विचारत होती. वर पोचल्यावर कोणी नाही म्हणून खट्टू झाली. तिला लगोरी दाखवली आणि तोच आहे म्हटलं.

पलीकडची उतरण मात्र संपता संपत नाही. ५५० वरून समुद्रसपाटीला. गुडघे चांगले असलेल्यांचेही बोलायला लागतात. खाली गावापाशी डोंगरावरून उतरणारे सहा अजस्त्र पाइप सोबत करतात. वर ब्लॅकवॉटरचं धरण आहे. १९०५ ते १९०९ मध्ये मजुरांनी ते बरंचसं हातांनी बांधलं. त्या पाण्यावर वीज, आणि विजेवर ॲल्युमिनियमचा कारखाना. पगाराच्या दिवशी मजूर ह्याच जिन्यावरून किंग्जहाउसच्या गुत्त्यात जायचे आणि परतताना बर्फात काही जण कायमचे राहायचे, असं सांगतात. धरणाजवळ त्यांची दफनभूमी आहे.

कारखाना २००० साली बंद झाला. संध्याकाळी गावात बाकावर एक म्हातारबुवा भेटले. तिथेच नोकरी केलेले. ह्यांचं इंग्रजी आणि त्यांचं स्कॉटिश, दोन्ही एकमेकांना अर्धंच समजत होतं, पण भोंगा किती वाजता व्हायचा, रात्रपाळीचा भत्ता आणि निवृत्तीनंतर सकाळी उगाच चारला येणारी जाग, एवढं व्यवस्थित पोचलं. म्हातारबुवांनी शेंगदाण्याचा लाडू हातात फिरवून बघितला, वास घेतला, खाल्ला आणि दुसरा घरी बायकोला म्हणून खिशात ठेवला.

वारा पडला आणि त्याच मिनिटाला मिज आले. हे मोहरीच्या दाण्याएवढेही नसलेले चिलटासारखे किडे. एक चावला तर कळत नाही, पण ते एकटे येत नाहीत. केसांत, कानांत, चष्म्याच्या आत. मे अखेर ते सप्टेंबर त्यांचंच राज्य. वारा असला की येत नाहीत, पडला की ढगच. डोक्यावरून घ्यायची जाळी मिळते, ती घ्याच. आम्ही दोनच घेतल्या होत्या. ह्यांनी स्वतःची म्हातारबुवांना देऊ केली. त्यांना हसू आवरेना.

सहावा दिवस : किनलॉखलीव्हन ते फोर्ट विल्यम, २४ किमी

साडेसातला निघालो, लेक बरोबर. पहिल्याच तासात अंगावर येणारी चढण, मग लॅरिगमोर. नावाचा अर्थ 'मोठी खिंड', आणि खरंच मोठी. दोन्ही बाजूंनी डोंगर, मधून सरळ दगडी रस्ता, वाटेत छप्पर उडालेलं एक घर. दीड-दोन तास तेच ते. पाऊस, ऊन, गारा, पुन्हा ऊन, सगळं एका दुपारच्या आत. मागच्या पाच दिवसांत मी कधी गाणं म्हटलं नव्हतं. इथे मी पाढे म्हटले. एकोणतीसपर्यंत आले.

लंडावराजवळ फोर्ट विल्यमकडून एक अरुंद रस्ता वाटेला येऊन भेटतो. ग्लेन नेव्हिसच्या अलीकडे गाडीचा हा एकमेव थांबा. कागदावर अडीच लिहिलं होतं, आम्ही तीनला पोचलो. गाडी हलली नव्हती. चौघांच्या... नाही, तिघांच्या ताटल्या धुऊन डिकीत वाळत होत्या. "आम्ही जेवलो," नातीने आधी हजेरी दिली.

तिथे डावा पाय बुटातून काढला आणि मोजा लाल दिसला. अंगठ्याशेजारचं नख. दहा किलोमीटर राहिले होते. जावई खाली बसून पट्टी बांधत होता. हे शेजारी उभे. पाऊस पुन्हा सुरू झाला. मी वर बघितलं. आता विचारतील, असं वाटलं; खरं सांगायचं तर विचारावं असंही वाटलं. ते म्हणाले, "पुढचा थांबा ग्लेन नेव्हिस. पाच." आणि बूट पुढे सरकवला.

जंगलाच्या कडेला बेन नेव्हिस दिसला, डोकं ढगात. १३४५ मीटर, ब्रिटनमधला सर्वोच्च. आपलं कळसूबाई १६४६. पण इथला डोंगर समुद्रालाच पाय लावून उभा आहे, त्यामुळे चढणाऱ्याने तुलना करू नये. मी केली, पण मनातल्या मनात.

ग्लेन नेव्हिसला उतरल्यावर शेवटचा भाग सडकेच्या कडेने. पूर्वी पायवाट गावाच्या वेशीवरच संपायची. २०१० पासून शेवट गावाच्या पार पलीकडच्या टोकाला, गॉर्डन स्क्वेअरला. बऱ्याच चालणाऱ्यांना हा वाढीव दीडेक किलोमीटर जिवावर येतो. मला तो आवडला, कारण जुन्या शेवटाजवळच्या पुलाशी हे गाडीतून उतरून उभे होते. या वेळी पूल कुठला, त्यात वाद नव्हता. हातात माझीच जादाची काठी.

"शेवटचा थांबा चालत," ते म्हणाले. "गाडी डेपोला पाठवलीय."

नवे गुडघे, माझं नख, मधे नात. आमच्या वेगाने गोगलगायही कंटाळली असती. बाजारपेठेतून जाताना दुकानांच्या काचांत आम्ही दिसत होतो. चिखलाने माखलेली मी, इस्त्रीच्या पॅंटमधले हे. आजूबाजूचे लोक वाट करून देत होते. त्यांना रोजचं आहे ते.

चौकात बाकावर बसलेल्या एका माणसाचा ब्रॉन्झचा पुतळा आहे. सगळी वाट चालून आलेला, एक पाय हातात धरून चोळत बसलेला. नातीने त्याच्या पायाची बोटं मोजली, मग माझा बूट काढायला लावला. ह्यांनी पुतळ्याच्या शेजारी टेकून वही उघडली. पेन चालेना, झटकलं, मग चाललं.

'फोर्ट विल्यम. आवक १७:५२. उशीर : १ वर्ष ११ महिने.' शेऱ्याच्या रकान्यात जरा वेळ पेन थांबलं. मग लिहिलं : 'कारण, घोटा.'